येशू आणि पैगंबर : तुलना नेमकी कुणाची कुणाशी करायची?

ओसरी

"येशूने दुसरा गाल पुढे केला, महंमदांनी तलवार उपसली, बाकी सगळा इतिहास त्यातून ओघानेच आला." या दोन धर्मांची तुलना निघाली की पाचव्या मिनिटाला कोणीतरी हे ठोकून देतं आणि पुढे बोलायला काही उरत नाही. दुसऱ्या टोकाला "सगळे धर्म शेवटी एकच" म्हणणारे असतात, तेही तितकेच कंटाळवाणे. मला या तुलनेची मांडणीच फसलेली वाटते. धागा इतिहासाचा आहे, भक्तीचा किंवा निंदेचा नाही, तेवढं सांभाळून लिहा.

येशू वाढला गॅलिलीत. तिथे रोमचा मांडलिक हेरोद अंतिपास गादीवर होता. दक्षिणेला यहूदियात इ.स. २६ ते ३६ या काळात पंतय पिलात हा रोमन अधिकारी थेट कारभार बघत होता. कर कोण गोळा करणार, सैन्य कुणाचं, देहदंड कोण देणार, हे सगळं आधीच ठरलेलं. अशा मुलखात एखाद्या उपदेशकाच्या हाती सत्ता यायला वावच नव्हता. जाहीर कार्य फार तर तीन वर्षांचं आणि शेवट क्रूसावर.

महंमद पैगंबरांना इ.स. ६१० च्या सुमारास मक्केजवळ हिरा गुहेत पहिला साक्षात्कार झाला अशी परंपरा आहे. पुढची बाराएक वर्षं त्यांनी काय केलं? उपदेश केला आणि छळ सोसला. मक्केतल्या कुरैश टोळीने त्यांच्या हाशिम कुळावर बहिष्कार टाकला. काही अनुयायी तांबडा समुद्र ओलांडून हबशांच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाकडच्या, ख्रिस्ती राजाच्या आश्रयाला गेले. या काळात त्यांनी हत्यार उचललेलं नाही. ६२२ मध्ये ते यस्रिबला, म्हणजे पुढच्या मदिनेला गेले. तिथे औस आणि खजरज या टोळ्यांचं वैर विकोपाला गेलं होतं आणि तटस्थ लवाद हवा होता. तिथे ना राजा, ना कोतवाल, ना न्यायालय. जो तंटे सोडवणार, त्यालाच गावाचं रक्षणही करावं लागणार. करारमदार, वारसाहक्क, जकात, लढाया, सगळं एकदम अंगावर आलं. ६२४ ला बद्रची लढाई, ६२५ ला उहुदची, ६२७ ला खंदकची, ६३० ला मक्का हाती आली आणि ६३२ ला निधन.

आता ख्रिस्ती बाजूला हीच कामं कोणी केली ते बघा. येशू यहुदी म्हणून जन्मला, यहुदी म्हणूनच गेला, स्वतः त्याने एक ओळ लिहून ठेवली नाही. आपल्याकडे असलेलं सगळ्यात जुनं ख्रिस्ती लिखाण म्हणजे येशूनंतर धर्मप्रसार करणाऱ्या पौलाची पत्रं, इ.स. ५० नंतरच्या दशकातली. यहुदी नसलेल्यांना सुंतेची अट न घालता आत घ्यायचं, हे यरुशलेमेत इ.स. ४९ च्या सुमारास ठरलं. एका यहुदी पंथाचा वेगळा धर्म व्हायला लागला तो तिथून. मग पावणेतीनशे वर्षं सत्तेविना. डेसियस, डायोक्लेशन अशा सम्राटांचे छळ झाले. ३१३ मध्ये कॉन्स्टंटाइनने मोकळीक दिली, ३२५ मध्ये निकियाची परिषद त्यानेच भरवली, ३८० मध्ये थिओडोसियसने साम्राज्याचा धर्म ठरवून टाकला. आणि ३८५ च्या सुमारास ट्रिअर इथे प्रिसिलियन नावाच्या ख्रिस्ती बिशपचा ख्रिस्ती सम्राटाच्या हुकमाने शिरच्छेद झाला. सत्ता अंगवळणी पडायला किती वेळ लागला, ते मोजा.

म्हणून माझं म्हणणं असं: येशूसमोर ठेवायचे तर मक्केतले महंमद ठेवा. मदिनेतल्या महंमदांसमोर पौल, कॉन्स्टंटाइन आणि थिओडोसियस हे तिघं एकत्र उभे करा. फरक दोन माणसांच्या स्वभावात आहे त्यापेक्षा जास्त, समोर सत्तेची जागा भरलेली होती की रिकामी, यात आहे.

खडूसकाका | वकिली आहे ही

मांडणी देखणी आहे, पण अशिलाला सोडवायला केलेली. पौल, कॉन्स्टंटाइन, थिओडोसियस यांचं वागणं कोणी कायद्याचा नमुना मानत नाही. कॉन्स्टंटाइनसारखी दाढी ठेवा किंवा ठेवू नका असं कुठल्या चर्चने सांगितल्याचं ऐकिवात नाही. इस्लाममध्ये पैगंबरांचं वागणं हाच कायद्याचा आधार आहे, सुन्ना म्हणतात त्याला. मदिनेतली दहा वर्षं म्हणजे नुसता इतिहास नाही, तो नमुना आहे.

खंदकच्या लढाईनंतर ६२७ मध्ये बनू कुरैझा या यहुदी टोळीचे पुरुष मारले गेले, बायका-मुलं गुलाम झाली. पैगंबरांचा जुना चरित्रकार इब्न इसहाक याने आकडा ६०० ते ९०० असा दिला आहे. हा मुसलमानांनी स्वतः जपलेला वृत्तांत आहे, कोणा शत्रूने रचलेला नाही. क्रूसेडवाल्यांनी १०९९ मध्ये यरुशलेमेत याहून मोठी कत्तल केली, कबूल. पण ते करताना त्यांना स्वतःच्या संस्थापकाकडे पाठ फिरवावी लागली. तलवार धरणारा तलवारीनेच मरेल, असं तो माणूस अटकेच्या क्षणी बोलून गेला होता. हा फरक तुमच्या रिकाम्या जागेत बसत नाही.

बिनटाक

चहा टाकलाय. चालू द्या.

पापडीनाका | पाठ फिरवावी लागली?

मी वसईचा, जन्माने कॅथलिक, प्रार्थना मराठीत शिकलेला. काकांचं हे पाठ फिरवण्याचं वाक्य मला फार सोयीचं आहे, म्हणूनच त्यावर विश्वास ठेवायला मी तयार नाही.

पाठ फिरवावी लागली नाही, काका. वाकडी वाट काढता आली. संत ऑगस्टीन आमच्या चर्चचा केवढा मोठा आचार्य! पाचव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर आफ्रिकेतल्या डोनाटिस्ट पंथाला सरकारी बळाने आत आणायचा प्रश्न आला, तेव्हा त्याने आधार कुठला काढला? लूकच्या शुभवर्तमानातला, येशूनेच सांगितलेला मेजवानीचा दाखला. यजमान चाकराला म्हणतो, रस्त्यावरच्या लोकांना आत येण्यास भाग पाड. जेवायला बोलावण्याच्या गोष्टीतून सक्तीचं समर्थन निघालं आणि ते पुढे हजार वर्षं पुरलं.

७८२ मध्ये शार्लमेनने व्हर्डन इथे साडेचार हजार सॅक्सन मारले, असं त्याच्याच दरबारी बखरीत आहे. त्यानंतरच्या त्याच्या फर्मानात बाप्तिस्मा नाकारणाऱ्या सॅक्सनला मरणाची शिक्षा आहे. त्याच्या दरबारातल्या अल्क्विन या विद्वानाने पत्रं लिहून विरोध केला, की श्रद्धा सक्तीने येत नाही. त्याला येशूचा आधार होता, हे खरं. राजालाही होता, किंवा त्याला तसं वाटत होतं.

आणखी एक. धाग्याच्या शीर्षकावरच माझी हरकत आहे. आमच्या श्रद्धेत येशू हा धर्माचा 'संस्थापक' नाहीच, तो देवाचा शब्द आहे, देह धारण केलेला. मुसलमानांच्या श्रद्धेत देवाचा शब्द म्हणजे कुराण. मग आमच्या येशूसमोर त्यांचं कुराण ठेवावं लागतं आणि पैगंबरांसमोर काही अंशी प्रेषित, काही अंशी मरिया, जिच्याद्वारे शब्द आला. हे मी शोधलेलं नाही, धर्मांचा तौलनिक अभ्यास करणाऱ्यांत हे जुनंच आहे. मरियेच्या नावाचा अख्खा सूरा, म्हणजे अध्याय, कुराणात आहे आणि कुराणात नावाने उल्लेख आलेली ती एकटीच स्त्री. आमच्या पॅरिशमधल्या निम्म्या लोकांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही.

दाभोळखाडी | मक्का-मदिना इतकी सरळ वाटणी नको

ओसरी, तुमचा सूर चांगला आहे, पण मक्का म्हणजे सोसणं आणि मदिना म्हणजे सत्ता अशी सुरी फिरवू नका. 'धर्मात सक्ती नाही' ही आयत सगळे उद्धृत करतात. ती सूरा बकरामधली आहे आणि तो सूरा मदिनेचा. मक्केच्या कुरैशांशी झालेला हुदैबियाचा तहही मदिनेच्याच काळातला, ६२८ चा. त्यात पैगंबरसाहेबांनी 'अल्लाहचा रसूल' हे शब्द मसुद्यातून काढायला सांगितले, कारण समोरच्यांना ते मान्य नव्हते. सोबतचे लोक चिडले होते. पुढे खलिफा झालेले उमरसुद्धा.

बनू कुरैझाबद्दल काकांनी लिहिलं ते आमच्या परंपरेत आहे, लपवायचं काही नाही. निवाडा साद बिन मुआझ यांनी दिला. ते त्या टोळीच्या जुन्या मित्रटोळीतले होते आणि त्या लढाईतच जखमी झालेले. वेढ्याच्या वेळी दगाफटका केल्याचा आरोप होता. आकड्याबद्दल काही अभ्यासक शंका घेतात. पण ते मी ढाल म्हणून वापरणार नाही. आकडा निम्मा धरला तरी वाचताना घशाशी येतंच.

मात्र 'तलवारीने पसरला' यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबल्या आहेत. राज्य पसरलं ते तलवारीने, निःसंशय. यर्मूकची लढाई ६३६, निहावंदची ६४२, शंभर वर्षांच्या आत स्पेन. लोक मुसलमान झाले ते मात्र फार सावकाश. इजिप्त, सीरिया, इराणमध्ये अरब सत्ता आल्यावर कित्येक पिढ्या बहुसंख्य प्रजा मुसलमान नव्हती. सुरुवातीच्या उमय्या घराण्याच्या खिलाफतीला त्याची घाई असायचं कारणही नव्हतं, कारण प्रजा बाटली की जिझिया बुडतो. काही ठिकाणी धर्म बदललेल्यांकडूनही तो वसूल करत. खलिफा उमर बिन अब्दुल अझीझ (हे नंतरचे उमर, कारकीर्द ७१७ ते ७२०) यांना ते थांबवायचा हुकूम काढावा लागला. आणि आज सर्वांत जास्त मुसलमान असलेला देश इंडोनेशिया. तिथे अरबांची फौज कधी उतरलीच नाही.

हस्तलिखित | दोघांनी मागे ठेवलेला प्रश्न

संस्थापकांचा ठसा शोधायचाच असेल, तर तो कत्तलींच्या मोजदादीत शोधू नका. पहिली मोठी भांडणं कशावरून झाली ते बघा.

ख्रिस्ती लोक आपसात भांडले ते 'येशू कोण होता' यावर. निकियाला प्रश्न होता, पुत्र पित्याच्या बरोबरीचा की निर्माण केलेला. ४५१ मध्ये कॅल्सेडनला प्रश्न होता, त्याच्यात स्वभाव एक की दोन. त्या परिषदेनंतर इजिप्तचे कॉप्ट आणि अर्मेनियन जे वेगळे झाले ते आजही वेगळेच आहेत. मुसलमान भांडले ते 'यांच्यानंतर कोण' यावर. ६५६ मध्ये खलिफा उस्मान यांची हत्या, मग अली आणि मुआविया यांची लढाई, ६८० मध्ये करबला. पैगंबर कोण होते याबद्दल दोन्ही बाजूंना शंका नव्हती. एकाने मागे स्वतःबद्दलचं कोडं ठेवलं आणि दुसऱ्याने चालतं राज्य. वारसांची भांडणंही वारशाप्रमाणेच झाली.

साधनांचाही विचार करा, त्याशिवाय 'येशू असा होता, पैगंबर तसे होते' हे बोलणं हवेतलं आहे. मार्कचं शुभवर्तमान सर्वांत जुनं, इ.स. ७० च्या आगेमागे लिहिलेलं मानतात. म्हणजे क्रूसानंतर सुमारे चाळीस वर्षांनी, आणि तेही ग्रीकमध्ये. येशू बोलत होता अरामी. पैगंबरांचं सर्वांत जुनं सविस्तर चरित्र इब्न इसहाकचं. तो वारला ७६७ च्या सुमारास, आणि त्याचा ग्रंथ आपल्याला मुख्यतः इब्न हिशामने संपादलेल्या रूपात मिळतो. हा इब्न हिशाम वारला नवव्या शतकात. म्हणजे चरित्राच्या बाबतीत येशू जवळचा, पैगंबर दूरचे. पण कुराणाच्या बाबतीत उलटं. बर्मिंगहॅमच्या विद्यापीठात असलेल्या कुराणाच्या पानांच्या चामड्याचं कार्बन-वय ५६८ ते ६४५ असं निघालं आहे. ती शाई कधीची हे त्यावरून ठरत नाही, पण पान फार जुनं आहे. येशूच्या तोंडचं असं काहीच आपल्याकडे नाही.

यरुशलेममधला सोनेरी घुमट बघताना पर्यटक फोटो काढून निघून जातात. ६९१-९२ मध्ये खलिफा अब्दुल मलिकने तो बांधला आणि आत मोझेकमध्ये जो लांबलचक लेख घडवला, त्यात मरियेच्या मुलाबद्दल ओळीमागून ओळी आहेत: तो देवाचा दूत आहे, 'तीन' म्हणू नका. पैगंबरांच्या निधनाला साठ वर्षं होतात न होतात तोच नव्या धर्माची पहिली भव्य इमारत उभी राहते, आणि तिच्यावरचा वाद येशूबद्दल आहे. या दोघांना वेगवेगळ्या रकान्यांत टाकणं म्हणूनच मला कठीण जातं.

खडूसकाका | बरं, मग कायदा?

घुमटाचा मुद्दा सुरेख. हस्तलिखित, तुमचं 'चालतं राज्य' मला पूर्ण मान्य, कारण ते माझंच म्हणणं आहे. संस्थापकाने राज्य चालवलं, म्हणून धर्मात फौजदारी आणि दिवाणी दोन्ही आले. येशूने 'कैसराचं कैसराला' म्हणून तो पसारा टाळला. युरोपला नंतर धर्म आणि सरकार वेगळं करता आलं, त्याचं बीज तिथे आहे.

दाभोळखाडी | अर्धंच

काका, त्या बीजाला उगवायला सोळा-सतराशे वर्षं लागली, मग त्याला बीज म्हणायचं का? १५५३ मध्ये प्रोटेस्टंट जिनेव्हात सर्व्हेटसला त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव) नाकारलं म्हणून जाळलं, म्हणजे धर्मसुधारणा होऊन गेल्यावर. धर्म आणि सरकार वेगळं करायची भाषा जोर धरते ती १६१८ ते १६४८ च्या तीस वर्षांच्या युद्धात जर्मन मुलूख उजाड झाल्यावर. येशूचं वाक्य तेव्हाही तिथेच होतं.

आणि इस्लाममध्ये राजा म्हणेल तो धर्म, असंही नव्हतं. ८३३ मध्ये खलिफा मामूनने 'कुराण निर्माण केलेलं आहे' हे मत मान्य करा म्हणून काझी आणि विद्वानांची झडती सुरू केली. अहमद बिन हंबल यांनी ते मानलं नाही, पुढच्या खलिफाच्या काळात फटके खाल्ले, तरी मानलं नाही. शेवटी खलिफांनाच ती मोहीम गुंडाळावी लागली. त्यानंतर धर्म काय हे सांगायचा अधिकार दरबाराकडून सुटला, तो उलेमांकडे, म्हणजे धर्मपंडितांकडे गेला. कायदा आला हे खरं. तो राजाच्या हातात मात्र नव्हता. यातून पुढे वेगळे त्रास झाले, त्यावर मी तुमच्यापेक्षा जास्त भांडेन, कारण ते माझ्या घरातले आहेत.

मांडवीकाठ | आपल्या किनाऱ्यावरच बघा की

सत्तेचा मुद्दा तपासायला रोम आणि दमास्कसपर्यंत कशाला जायचं? आपल्या पश्चिम किनाऱ्यावर दोन्ही धर्म दोन्ही रूपांत आले.

मलबारात ख्रिस्ती आणि मुसलमान दोघेही मुख्यतः व्यापाराच्या वाटेने आले, सत्तेविना. कोल्लमचा तरिसापल्ली ताम्रपट ८४९ चा आहे. वेणाडच्या अय्यन अडिगळ या राज्यकर्त्याने तिथल्या चर्चला दिलेली जमीन आणि हक्क त्यात आहेत. साक्षीदारांच्या सह्या अरबी कूफी लिपीत, पहलवीत आणि हिब्रू लिपीत. म्हणजे एका हिंदू राज्यकर्त्याने चर्चला दिलेल्या दानपत्रावर मुसलमान, पारशी आणि यहुदी व्यापारी साक्षीला. त्या काळी कुणाच्या संस्थापकाने काय केलं होतं यावरून कोणाचं अडलेलं दिसत नाही. मिऱ्याचा भाव सगळ्यांना सारखाच कळत होता.

मग पोर्तुगीज आले, सत्तेसह. गोव्यात १५६० ते १८१२ इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय होतं, मधली काही वर्षं सोडून. त्याच १५६० च्या दशकात साष्टीतली देवळं पाडली गेली. मंगेशी आणि शांतादुर्गा आज फोंड्यात आहेत त्या तेव्हा खाडीपलीकडे नेल्या म्हणून. इन्क्विझिशनचा वरवंटा प्रामुख्याने फिरला तो बाप्तिस्मा घेतलेल्यांवर: घरात जुने रीतिरिवाज पाळता का, हे शोधायला. आणि हे लोक केरळच्या जुन्या ख्रिस्त्यांशीही तसेच वागले. १५९९ मध्ये उदयंपेरूरच्या धर्मसभेत त्यांची सिरियाक पुस्तकं पाखंडी ठरवून नष्ट करायचे ठराव झाले. येशू तोच, धर्म तोच. १६५३ मध्ये त्या ख्रिस्त्यांनी मट्टांचेरीला शपथ घेऊन जेझुइट या कॅथलिक पाद्र्यांच्या संघाशी नातं तोडलं.

याच गोव्यात, याच काळात, राशोलला एक इंग्रज जेझुइट मराठी ओव्यांत येशूची कथा लिहीत बसला होता. १६१६ मध्ये ती छापली गेली. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण आपण मराठीचं कौतुक म्हणून मिरवतो, ठीकच आहे. पण ज्या संस्थेच्या सत्तेने जुनी पुराणं घराबाहेर काढली, तिनेच नवं पुराण छापायला परवानगी दिली. कारण बाटलेल्या लोकांच्या मनात पुराणाची रिकामी जागा राहिली होती. ओसरीबाईंची 'रिकामी जागा' अशीही असते.

ओसरी

मांडवीकाठ, मलबार माझ्या डोक्यातच नव्हतं. एवढी चांगली साक्ष मला शोधूनही मिळाली नसती.

काका, तुमच्या सुन्नाच्या मुद्द्याला बगल देत नाही. नमुना म्हणून कोणाकडे बघायचं याने फरक पडतो, हे बरोबर. पण तो फरक रक्तपात होतो की नाही यात दिसत नाही. सुधारणा करू पाहणाऱ्याला काय दाखवता येतं, यात दिसतो. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी सतराव्या शतकात शस्त्र धरायला नकार दिला तेव्हा त्यांना येशूचं डोंगरावरचं प्रवचन दाखवता आलं. मुसलमान सुधारकाला मदिनेतून वाट काढावी लागते आणि ती जास्त अवघड असते. अशी वाट काढणारे झाले मात्र. सुदानचे महमूद मुहम्मद ताहा नेमकं हेच सांगत होते: मक्केतला संदेश सर्व काळासाठी, मदिनेतले नियम सातव्या शतकापुरते.

खडूसकाका

आणि त्यांना फाशी दिलं. १९८५, खार्टूम. तुम्हीच माझा मुद्दा सिद्ध केलात.

दाभोळखाडी

फाशी दिलं, खरं. कोणी दिलं तेही लिहा. हुकूमशहा निमेरीने. १९६९ मध्ये तो डाव्यांना बरोबर घेऊन सत्तेवर आला होता आणि बूड डळमळायला लागल्यावर सप्टेंबर १९८३ मध्ये त्याला शरियत आठवली. ताहांनी त्या कायद्यांविरुद्ध पत्रक काढलं म्हणून धर्मत्यागाचा ठपका. जानेवारीत फाशी झाली, एप्रिलमध्ये निमेरीच उलथला. पुढच्या वर्षी सुदानच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द ठरवला.

त्यांची मतं बहुतेक उलेमांना पटली नव्हती, हेही तितकंच खरं. मलाही सगळी पटत नाहीत. नमाजाबद्दल त्यांचं जे म्हणणं होतं, ते तर अजिबात नाही.

खडूसकाका

नमाजाबद्दल काय म्हणणं होतं? वेगळा धागा काढा, दाभोळखाडी. इथे आता कोणी वाचणार नाही, आणि मला तिथेही भांडायचंय.